जबाबदारीचा हिशेब

कॅनडाच्या वायव्य टोकाला, अलास्काला खेटून, यूकॉन नावाचा प्रदेश आहे. वस्ती जेमतेम चाळीस हजारांच्या आसपास, त्यातले बहुतेक लोक व्हाइटहॉर्स या राजधानीच्या गावात राहतात. माणशी दारूच्या खपात हा प्रदेश कॅनडात आघाडीवर. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हाइटहॉर्सच्या सरकारी दारूदुकानात बाटल्या-डब्यांवर नवी लेबलं दिसू लागली. रंग पिवळाधमक, भोवती लाल चौकट, आणि मजकूर अगदी सरळ: दारूमुळे कर्करोग होऊ शकतो, त्यात स्तनाचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोगही येतो.

हा प्रयोग होता एरिन होबिन आणि टिम स्टॉकवेल यांच्या चमूचा. पैसा कॅनडाच्या आरोग्य खात्याचा, परवानगी स्थानिक सरकारची. मांडणी साधी होती. इथे आठ महिने लेबलं लावायची, शेजारच्या प्रदेशातल्या येलोनाइफ गावात लावायची नाहीत, आणि लोकांना काय कळलं, खप किती बदलला, हे दोन्हीकडे मोजायचं. पण महिनाभरातच काम थांबलं. बिअर, स्पिरिट आणि वाइन उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटना उभ्या ठाकल्या होत्या. असं लेबल लावायचा तुम्हाला अधिकारच नाही, यात आमच्या मालाची बदनामी आहे, असा त्यांचा सूर होता. कोर्टकचेरीच्या लांबलचक खर्चात पडायची इतक्या लहान सरकारची तयारी नव्हती. पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा सुरू झाला तो कर्करोगाचं लेबल वगळून. कमी जोखमीची मर्यादा सांगणारी आणि एका पेल्याचं माप समजावणारी लेबलं तेवढी उरली.

तरीही निष्कर्ष हाती लागले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांनुसार लेबल लावलेल्या मालाची माणशी विक्री साडेसहा टक्क्यांच्या आसपास घटली होती. कर्करोगाचं लेबल महिनाभरच टिकलं, पण ते लोकांच्या ध्यानात राहिलं. दारूचा आणि कर्करोगाचा संबंध ज्यांना कळला, त्यांचा दारूच्या किमतीला किमान मर्यादा घालायलाही जास्त पाठिंबा दिसला.

लेबलावरची माहिती मुळीच नवी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला पहिल्या गटात घातलं. या गटात तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉसही आहेत. गट एक असला म्हणून धोक्याचं प्रमाण सारखं असं नाही. कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तीस वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट बाटलीवर छापली, आणि ती जेमतेम महिनाभर टिकली. कंपन्यांना एवढी धास्ती कशाची होती?

गिऱ्हाइकांचा ताळेबंद

दारू कंपन्यांचं जगभरातलं आवडतं वाक्य म्हणजे ‘जबाबदारीने प्या’. बाटलीवर, फलकावर, सामन्याच्या मध्यंतरात ते दिसतं. ऐकायला इतकं शहाणपणाचं, की त्याला नाही कोण म्हणणार? पण इंग्लंडमधल्या संशोधकांनी या वाक्याचा चक्क जमाखर्च मांडला.

ब्रिटनमध्ये सरकारी सल्ला आहे, की आठवड्याला १४ युनिटपेक्षा जास्त दारू घेऊ नये. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. २०१८ साली ‘ॲडिक्शन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने इंग्लंडमधल्या दारूचा पैसा कोणाच्या खिशातून येतो ते पाहिलं. मर्यादेपेक्षा जास्त पिणारे लोक लोकसंख्येच्या सुमारे २५ टक्के, पण विक्रीतला ६८ टक्के पैसा त्यांचा. त्यातही प्रकृतीला उघड अपाय होईल इतकं पिणारे अवघे ४ टक्के. त्यांच्याकडून २३ टक्के पैसा येत होता. उद्यापासून सगळे जण सरकारी मर्यादेत प्यायला लागले, तर धंद्याचा ३८ टक्के महसूल बुडेल, असा त्या अभ्यासाचा हिशेब होता.

आता ‘जबाबदारीने प्या’ हे वाक्य पुन्हा वाचावं. ते सर्वांनी खरोखर मनावर घेतलं तर कंपनीच्या उत्पन्नाला मोठं खिंडार पडेल. इतका तोटा होईल असा उपदेश कोणताही धंदा स्वतःच्या पैशाने करत नाही. मग एवढा पैसा ओतून तो केला जातो, याचं कारण तो फारसा कोणी ऐकणार नाही याची खात्री असते. शिवाय त्यातून दुसरं एक काम साधतं: दारूच्या दुष्परिणामांची चर्चा बाटलीकडून पिणाऱ्याच्या स्वभावाकडे सरकते. दोष मालाचा नाही, किमतीचा नाही, जाहिरातीचा नाही; काही बेजबाबदार माणसांचा आहे, असं चित्र उभं राहतं.

हे कोणा दुष्ट माणसाचं कारस्थान मानायची गरज नाही. भागधारकांना नफा देणं हे कंपनीचं काम, आणि ती ते चोख करते. अडचण एवढीच, की आरोग्य खात्याला जे यश वाटतं ते कंपनीच्या ताळेबंदात तोटा म्हणून नोंदलं जातं. पुढच्या सगळ्या कहाण्या या एका विसंगतीतून निघतात.

डासाचा अभ्यास

१८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. त्या दिवसापासून मलेरियाचा विचार करण्याची रीत पालटली. रोगी आणि जंतू यांच्याबरोबर रोगाचा वाहकही अभ्यासाचा विषय झाला: तो कुठे अंडी घालतो, कधी चावतो, कोणत्या औषधाला दाद देत नाही. २००७ साली रेने जाहिएल आणि थॉमस बाबोर या संशोधकांनी मांडलं, की तंबाखू, दारू यांसारख्या उद्योगांतून येणाऱ्या रोगराईकडेही असंच पाहायला हवं. इथे रोगाचा वाहक म्हणजे तो माल पिकवून, सजवून, दारोदार पोचवणारा उद्योग.

या अभ्यासाला सूक्ष्मदर्शक लागत नाही, कागद लागतात. कंपन्यांचे वार्षिक अहवाल, सरकारने मागवलेल्या हरकती-सूचनांना त्यांनी दिलेली उत्तरं, माहितीच्या अधिकारात मिळवलेले ईमेल, संसदीय समित्यांपुढच्या साक्षी. एक मोठं घबाड अनपेक्षितपणे मिळालं. अमेरिकेत १९९० च्या दशकात सिगारेट कंपन्यांवर खटले झाले आणि त्यांची लाखो पानांची खासगी कागदपत्रं जनतेला खुली झाली. त्यांतली एक कंपनी फिलिप मॉरिस. तिच्याकडे २००२ पर्यंत तीसेक वर्षं मिलर या बिअर कंपनीची मालकी होती. त्यामुळे सिगारेटची कपाटं उघडली तेव्हा त्यांतून बिअरची खलबतंही बाहेर पडली. कराला विरोध कसा करायचा, जाहिरातबंदी कशी टाळायची, मित्र कोण आणि त्यांना कसं जोडून ठेवायचं, याचे धडे दोन्ही धंदे एकत्र गिरवत होते.

शंका पेरण्याची कला

लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधले मार्क पेटिक्रू आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ च्या अखेरीस एक खटाटोप केला. दारू उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या, लोकांना दारूविषयी ‘माहिती’ देणाऱ्या २७ संस्था त्यांनी निवडल्या आणि कर्करोगाबद्दल त्या नेमकं काय सांगतात ते ओळीओळीने वाचलं. बहुतेक संस्थांच्या मजकुरात वैज्ञानिक पुराव्याची कुठल्या ना कुठल्या प्रकारे मोडतोड होती.

ही मोडतोड तीन तऱ्हांची होती. पहिली, नाकारणं किंवा गाळणं: रोगांची यादी द्यायची आणि कर्करोग तेवढा विसरायचा, किंवा माफक पिणाऱ्याला धोका नाही असं सुचवायचं. दुसरी, वाकवणं: संबंध आहे, पण तो फार गुंतागुंतीचा आहे, शास्त्रज्ञांचं एकमत नाही, असा सूर लावायचा. तिसरी, लक्ष दुसरीकडे वळवणं: वय, आनुवंशिकता, लठ्ठपणा, सिगारेट अशा दहा कारणांच्या गर्दीत दारूला मागच्या रांगेत उभं करायचं. स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत हा प्रकार सर्वांत ठळक होता. हे दोन्ही कर्करोग पुष्कळ लोकांना होतात आणि त्यांचा धोका थोड्या दारूनेही वाढू लागतो, हे लक्षात घेतलं की या निवडीचं कारण कळतं.

यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं असायची गरज नसते. २०१८ साली ऑस्ट्रेलियात उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या ‘ड्रिंकवाइज’ या संस्थेने २४०० फलक दवाखान्यांत आणि रुग्णालयांत पाठवले. गरोदरपणात दारू सुरक्षित आहे की नाही हे माहीत नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. वास्तविक पोटातल्या बाळाला दारूने अपाय होतो हे डॉक्टरांना चांगलंच ठाऊक आहे. किती दारू पूर्णपणे निर्धोक, याची खालची रेघ तेवढी कोणाला आखता आलेली नाही. शब्दांची जागा जराशी हलवली आणि ‘धोका आहे’ याचं ‘कोण जाणे’ झालं. डॉक्टरांच्या संघटनेने आवाज उठवल्यावर फलक मागे घेतले गेले.

चार देश, एकच मसुदा

विज्ञानात शंका पेरणं हा एक मार्ग. दुसरा अधिक जवळचा: धोरणच आपण लिहून द्यायचं. ओय्स्टीन बाके आणि डाग एन्डाल या नॉर्वेच्या दोन अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या लेसोथो, मलावी, युगांडा आणि बोट्सवाना या देशांच्या राष्ट्रीय मद्यधोरणांचे मसुदे शेजारी ठेवून वाचले. चारही देश वेगळे, त्यांची दारू वेगळी, प्रश्न वेगळे. मसुदे मात्र रचनेत आणि शब्दांत जवळजवळ सारखे, परिच्छेदच्या परिच्छेद तसेच्या तसे. या मसुद्यांमागे बिअर उत्पादक एसएबीमिलर आणि उद्योगाच्या पैशावर चालणारं ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर अल्कोहोल पॉलिसीज’ होतं. एका मसुद्याच्या संगणकीय फाइलमध्ये तर लेखक म्हणून कंपनीच्याच अधिकाऱ्याची नोंद सापडली. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

मसुद्यांत काय होतं, यापेक्षा काय नव्हतं ते पाहण्यासारखं आहे. दारूचं आर्थिक महत्त्व होतं, सरकार आणि उद्योग यांची भागीदारी होती, उद्योगाने स्वतःवर घालून घ्यायचे नियम होते, शाळेत मुलांचं प्रबोधन होतं. खप खरोखर कमी करणाऱ्या उपायांना मात्र त्यात धड जागा नव्हती. हे उपाय कोणते, याबद्दल जागतिक आरोग्य संघटना गेली अनेक वर्षं एकच गोष्ट सांगते आहे: कर वाढवून दारू महाग करा, दुकानं आणि विक्रीचे तास आवरा, जाहिरातींवर बंदी घाला. प्रबोधनाने माहिती वाढते. नुसत्या त्याने पिणं कमी झाल्याचा पुरावा फार कच्चा आहे. मसुदे लिहिणाऱ्यांनी नेमकं तेच निवडलं होतं.

मलावीतली गोष्ट इथे संपली नाही. तिथल्या सामाजिक संस्थांनी हा मसुदा बाजूला सारायला लावून नव्याने चर्चा घडवली आणि २०१७ साली देशाने स्वतःचं मद्यधोरण स्वीकारलं.

प्रयोगाचा खर्च कोणी केला?

गरीब देशांत असं चालतं, श्रीमंत देशांत नाही, असं वाटत असेल तर अमेरिकेकडे वळू. रोज एक पेला हृदयाला चांगला, ही समजूत आपल्याकडेही रुजली आहे. ती कायमची सिद्ध करावी म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे ‘एनआयएच’ने, मोठा प्रयोग आखला. पन्नाशी ओलांडलेले सुमारे ७८०० लोक. निम्म्यांनी रोज एक पेला घ्यायचा, निम्म्यांनी दारूला शिवायचं नाही. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. त्यातला मोठा वाटा एबी इनबेव्ह, हायनेकेन, डियाजिओ, पर्नो रिकार आणि कार्ल्सबर्ग या कंपन्यांकडून यायचा होता.

पैसा एका प्रतिष्ठानामार्फत आला होता, तेव्हा संशोधक आणि कंपन्या यांच्यात भिंत आहे असं सांगितलं जात होतं. मार्च २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही भिंत कागदाची असल्याचं दाखवलं. प्रयोगाची आखणी पक्की होण्याआधीच शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी कंपन्यांच्या प्रतिनिधींना भेटले होते, आणि माफक मद्यपान हितकारक असल्याचं सिद्ध होण्याची संधी म्हणून हा प्रयोग त्यांच्यापुढे मांडला गेला होता. संस्थेच्या नियमांनुसार अशी देणगी मागायची कर्मचाऱ्यांना मुभाच नव्हती.

आखणीतली मेख आणखी बोलकी आहे. हृदयविकारातला फरक दिसेल इतके लोक आणि इतकी वर्षं प्रयोगात होती. कर्करोगातली वाढ दिसायला मात्र ती अपुरी होती. म्हणजे फायदा असला तर सापडेल आणि तोटा असला तरी सापडणार नाही, अशी चाळणी. एकही आकडा न बदलता निकाल आधीच एका बाजूला झुकवता येतो. जून २०१८ मध्ये संस्थेचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी प्रयोग बंद केला. तोवर १०५ लोक दाखल झाले होते.

उशीर हीच जीत

सरकारने कंबर कसलीच, तर कंपन्यांकडे शेवटचं हत्यार उरतं ते वेळकाढूपणाचं. स्कॉटलंडच्या संसदेने २०१२ साली कायदा केला, की दारू ठरावीक किमतीखाली विकता येणार नाही. हिशेब युनिटवर: प्रत्येक युनिटमागे किमान ५० पेन्स. यातून व्हिस्कीला फारसा धक्का नव्हता. ७०० मिलिलिटरच्या बाटलीत २८ युनिट, म्हणजे किमान १४ पौंड, आणि चांगली व्हिस्की त्याहून महाग असतेच. नेम होता तो स्वस्त आणि कडक सायडरवर, म्हणजे सफरचंदाच्या दारूवर. साडेसात टक्क्यांच्या तीन लिटर सायडरमध्ये साडेबावीस युनिट असतात. चार पौंडांच्या आसपास मिळणारी ती बाटली आता सव्वाअकरा पौंडांवर जाणार होती. सर्वाधिक अपाय जिथे, तिथेच भार पडेल असा हा कायदा होता.

स्कॉच व्हिस्की असोसिएशन कोर्टात गेली. एडिंबराहून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात, तिथून परत एडिंबराला, आणि मग लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात. नोव्हेंबर २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींनी एकमताने सरकारच्या बाजूने निकाल दिला. १ मे २०१८ ला कायदा लागू झाला. कंपन्या खटला हरल्या, पण सहा वर्षं जिंकल्या.

दरम्यान यॉर्कचे जिम मॅकेम्ब्रिज आणि सहकारी यांनी कायद्याआधी, २००८ साली झालेल्या स्कॉटलंडच्या सरकारी विचारविनिमयात उद्योगाने सादर केलेली निवेदनं तपासली. भक्कम अभ्यासांचा विपर्यास करायचा, कच्च्या पाहण्या पुढे करायच्या आणि विरुद्ध बाजूच्या पुराव्यातली खुसपटं काढायची, अशी तीच जुनी चाल तिथे होती.

कायद्याने काय साधलं? ‘लॅन्सेट’मध्ये २०२३ साली आलेल्या अभ्यासानुसार, पहिल्या अडीच-पावणेतीन वर्षांत निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर अपेक्षित होते त्याच्या मानाने, १३.४ टक्क्यांनी कमी झाले. हे प्रमाण वर्षाला सुमारे १५६ जीव इतकं होतं, आणि घट मुख्यतः गरीब वस्त्यांत होती. चित्राची दुसरी बाजूही त्याच मूल्यमापनात नोंदलेली आहे. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्यांचं पिणं फारसं घटलं नाही, आणि काहींनी जेवणखाणाला कात्री लावून बाटली घेतली. अशा माणसांना किमतीइतकीच उपचारांची गरज असते. तरी सरकारने २०२४ मध्ये ही मर्यादा ६५ पेन्सवर नेली.

आयर्लंडमध्ये हाच खेळ अजून चालू आहे. २०१८ च्या कायद्याने बाटलीवर कर्करोगाचा इशारा छापायचं ठरलं, २०२३ मध्ये नियमांवर सही झाली, २०२६ चा मुहूर्त निघाला. मग २०२५ मध्ये जागतिक व्यापारातल्या अनिश्चिततेचं कारण देऊन तो २०२८ वर ढकलला गेला.

सोडा, पाणी आणि क्रिकेट

आता आपल्या अंगणात येऊ. भारतात दूरचित्रवाणीवर दारूची जाहिरात करता येत नाही. केबल टीव्हीच्या नियमांत २००० साली झालेल्या बदलाने दारूची प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष, दोन्ही जाहिरात बंद केली. तरीही दारूच्या ब्रँडची नावं शाळकरी मुलांना पाठ असतात. ‘बॅगपायपर’ सोडा, ‘मॅकडॉवेल्स नंबर वन’ सोडा, ‘किंगफिशर’चं पाणी आणि दिनदर्शिका, ‘इंपीरियल ब्लू’च्या म्युझिक सीडी. सीडी वाजवायचं यंत्र घरातून हद्दपार झालं तरी तिची जाहिरात सुरूच राहिली, यातच सगळं आलं. ही छुपी जाहिरात. विकायची बाटली पडद्याआड, तिचं नाव, रंग, धून आणि रुबाब पडद्यावर.

क्रिकेटने या धंद्याला मोठं मैदान दिलं. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा बंगलोरचा संघ विजय मल्ल्या यांच्या दारू उद्योगसमूहाने घेतला आणि समूहाच्या व्हिस्कीशी मिळतंजुळतं नाव त्याला दिलं. जाहिरातीला तीस सेकंदांचे पैसे मोजावे लागतात. संघाचं नाव समालोचक आपणहून घेतो आणि वर्तमानपत्र फुकट छापतं. खेळाडूचा शर्ट हा फलकच असतो हे हाशिम आमलाने वेगळ्या रीतीने दाखवलं. धर्मश्रद्धेमुळे तो दक्षिण आफ्रिकेच्या संघात प्रायोजक ‘कॅसल’ बिअरचं चिन्ह नसलेला शर्ट घालून खेळायचा. संगीतही यातून सुटलेलं नाही. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेला ‘एनएचसेव्हन वीकेंडर’ हा तरुणांचा महोत्सव अनेक वर्षं ‘बकार्डी’चं नाव पुढे लावूनच ओळखला गेला.

ही युक्ती भारताची मिरास नाही. थायलंडमध्ये ‘चांग’ बिअरचा हत्ती त्याच नावाच्या पाण्यावर झळकतो. फ्रान्सच्या १९९१ च्या एव्हाँ कायद्याने खेळातलं दारूचं प्रायोजकत्व बंद केलं; तिथेच झालेल्या २०१६ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत मैदानाकडेच्या फलकांवर कार्ल्सबर्गने स्वतःचं नाव न घालता फक्त आपल्या घोषवाक्यातला ‘प्रॉबेब्ली’ हा शब्द नेहमीच्या अक्षरवळणात लावला. पाहणाऱ्याला जे समजायचं ते समजलं.

जाहिरात फक्त ब्रँड बदलायला लावते, नव्या माणसाला प्यायला लावत नाही, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. २०१७ साली डेव्हिड जर्निगन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतले १२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ३५ हजारांहून अधिक मुलं-मुली होती. दारूच्या जाहिराती ज्यांच्या नजरेला जास्त पडल्या, त्यांनी प्यायला सुरुवात करण्याचं आणि एका बैठकीत भरमसाट पिण्याचं प्रमाण जास्त आढळलं. ताळेबंद आठवला तर यात नवल नाही. जुनी गिऱ्हाइकं मरतात किंवा सोडतात; धंदा टिकायचा तर नवी लागतात, आणि ती तरुणच असणार.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं काढून छुप्या जाहिरातीला स्पष्ट मनाई केली. पण सोड्याची जाहिरात खरी की आडून व्हिस्कीची, हे ठरवायचं कसं? सोडा खरोखर दुकानात मिळतो का, त्याचा खप किती, आणि त्या खपाच्या मानाने जाहिरातीवरचा खर्च किती, हे तीन आकडे मागवले तर बराच उलगडा होईल.

महाराष्ट्रातला वाद

दारू हा महाराष्ट्रात कायम तापलेला विषय. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही उभा आहे, त्यामुळे कायद्याच्या नजरेत पिणाऱ्यालाही परवाना लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या साथीने उभ्या राहिलेल्या लोकचळवळीतून १९९३ साली जिल्ह्याची दारूबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी हवी की नको, यावर आपल्याकडे रकानेच्या रकाने भरतात. त्या वादात पिणारा असतो, त्याची बायको असते, चोरटी दारू विकणारा असतो, पोलीस असतो. दारू बनवून तिला प्रतिष्ठा मिळवून देणारा उद्योग मात्र बहुधा नसतो.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. समर्थनाचा सगळा भर द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याच्या भल्यावर होता, आणि वाइन ही दारू नव्हेच असंही सांगितलं गेलं. विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती मागवल्या आणि निर्णय रेंगाळला. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढावं यात शंका नाही. पण वाण्याच्या फळीवर, बिस्किटांच्या शेजारी बाटली आली की खप किती वाढतो, कोणाचा वाढतो, आणि त्यातून दवाखान्यांवर किती भार पडतो, हे प्रश्नही त्याच ताकदीने विचारायचे होते. वाइनमधलं इथेनॉल यकृताला, स्तनाच्या पेशीला व्हिस्कीतल्या इथेनॉलहून वेगळं नसतं.

दारू आणि तंबाखू यांच्यात एक फरक अजून कायम आहे. तंबाखूसाठी २००५ पासून अंमलात असलेला जागतिक करार आहे, आणि त्याच्या कलम ५.३ नुसार सरकारांनी आपलं आरोग्यधोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपायचं असतं. भारतानेही हा करार स्वीकारला आहे. दारूसाठी असा करार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ मध्ये दारूपायी जगात २६ लाख माणसं दगावली, तरी दारू उद्योग आजही आरोग्याच्या चर्चेत भागीदार म्हणून खुर्ची मागतो आणि पुष्कळदा ती त्याला मिळते.

करार होईल तेव्हा होईल. राज्य सरकारला त्याआधीही पुष्कळ करता येण्यासारखं आहे. मद्यधोरणाच्या समितीत आरोग्य खात्याचा माणूस असलाच पाहिजे. उत्पादन शुल्क खात्याला महसूल वाढवायचा असतो, त्यामुळे त्याचा अंदाज एकटा पुरेसा धरू नये. मद्य उत्पादकांशी झालेल्या बैठकांची तारीख, विषय आणि हजेरी जाहीर करावी. धोरणासाठी आधार घेतलेल्या प्रत्येक अहवालाचा खर्च कोणी केला, ते पहिल्या पानावर छापावं. आणि उद्योगाने कोणताही उपाय सुचवला, मग ते शाळेतलं प्रबोधन असो की स्वयंनियमन, तर त्याला एकच आकडा लेखी मागावा: हा उपाय पूर्ण यशस्वी झाला, तर राज्यातला दारूचा खप किती लिटरने घटेल? ज्यांना तो आकडा देता येत नाही, त्यांच्या उपायावर सरकारी तिजोरीतला एक रुपयाही खर्च करू नये.